पाळकसाहेबांनी बाक हलवले

"सहा आठवड्यांत ही चर्चची मंडळी ओळखू येणार नाही अशी करून दाखवतो," पाळकसाहेब म्हणाले.

"आत्ता तरी ओळखू येते का तुम्हाला?" पाळकीणबाई मटार सोलता सोलता म्हणाल्या.

प्रश्न साधा होता, पण पाळकसाहेब त्या दिवशी प्रश्नांना दाद देण्याच्या मनःस्थितीत नव्हते. ते नुकतेच तीन दिवसांच्या नेतृत्व शिबिराहून परतले होते. शिबिराहून परतलेला पाळक आणि नवी करवत हाती आलेला माणूस, या दोघांसमोर फर्निचरने जरा जपूनच राहावं.

ही गोष्ट त्या काळची, जेव्हा चर्चमध्ये माइक नव्हता आणि पाळकाचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला की त्याला चांगला उपदेशक म्हणत. बाक लाकडी असत. त्यांच्यावर गाद्या घालण्याची कल्पनाही कुणाला सुचली नव्हती. दीड तासाच्या उपासनेनंतर आपल्या अंगात नेमकी किती हाडं आहेत, हे ज्याचं त्याला कळायचं.

पाळकसाहेबांचं वय चौतीस, आणि पाच वर्षांत ही तिसरी मंडळी. आधीच्या दोन्ही ठिकाणांहून त्यांची बदली झाली तेव्हा कागदावर एकच शेरा होता: 'माणूस चांगला. नेतृत्व कमी.' इथे त्यांना वर्षभराच्या अजमावणीवर नेमलं होतं. वर्ष संपत आलं होतं. सहाव्या रविवारी अधीक्षकसाहेब स्वतः येऊन एक उपासना पाहणार आणि ठरवणार की ह्यांना कायम करायचं की पुन्हा ट्रंका बांधायला लावायच्या.

पाळकीणबाईंना इथल्या शाळेत नुकतीच नोकरी लागली होती. मुलगी तिसरीत होती आणि तिची ही तिसरी शाळा.

"तिला पाढे तीन बाईंनी शिकवलेत," पाळकीणबाई म्हणाल्या, "आणि सातचा पाढा प्रत्येक शाळेत कालच होऊन गेलेला असतो. मला बाकी काही नको. पोरीला एकाच शाळेत सात ते बारा होऊ देत."

"होतील," पाळकसाहेब म्हणाले आणि त्यांनी निळी वही उघडली.

वहीत शिबिरातले बारा नियम होते. त्यातल्या दोन नियमांनी पाळकसाहेबांच्या काळजाचा ठाव घेतला होता. चौथा: 'बदल डोळ्यांना दिसला पाहिजे.' आणि नववा: 'कुणी “पण” म्हणालं की थांबू नका. “पण” म्हणणारा माणूस बदलाला घाबरलेला असतो.'

बदल कशात करायचा हेही त्यांनी हेरून ठेवलं होतं. वर्षभर व्यासपीठावरून ते बघत होते, की प्रत्येक माणूस दर रविवारी त्याच बाकावर, त्याच जागी, बूड टेकत होता. लाकडावर जागोजाग खोलगट चकत्या पडल्या होत्या. कुठली चकती कुणाची हे मोकळ्या चर्चमध्येही सांगता आलं असतं. दोन महिन्यांपूर्वी गावात नवीन आलेलं एक जोडपं उपासनेला आलं आणि चुकून खिडकीजवळच्या बाकावर बसलं. त्या जागेच्या मालकीणबाई आल्या. त्या काही बोलल्या नाहीत. नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या. ते जोडपं आधी सरकलं, मग उठलं, मग मागे गेलं, आणि पुढच्या रविवारपासून आलंच नाही. पाळकसाहेबांना ती गोष्ट फार लागली होती. तेव्हा त्यांचं मन वाईट होतं असं कुणी म्हणू नये. मन उत्तम होतं. फक्त घाई फार होती.

मंडळीचे चिटणीसकाका म्हणजे सत्तरीचे गृहस्थ. आठ पाळक आलेले आणि सात गेलेले त्यांनी पाहिले होते. त्यांना पाळकसाहेबांनी बोलावून घेतलं.

"काका, बाक हलवायचे."

"कुठे?"

"अर्धवर्तुळात. म्हणजे माणसाला माणसाचं तोंड दिसेल. आणि दारात चिठ्ठ्या ठेवायच्या. ज्याला जो नंबर येईल त्याने तिथे बसायचं. मालकी संपली."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पाळकसाहेब होते तसेच दिसत होते.

"कल्पना चांगली आहे, पण..."

"काका, नियम नववा."

"नियम असेल, पण ती नर्सआजी आहे ना, ती पुढे डावीकडे..."

"नर्सआजींनाही चिठ्ठी."

"बरं. पण निदान ते दोघे सुतार..."

"काका," पाळकसाहेब अत्यंत प्रेमाने म्हणाले, "तुमचे हे तीन 'पण' झाले. घाबरू नका. मी आहे ना."

काका घाबरले नव्हते. पण आता ते म्हणायची सोय राहिली नव्हती, कारण त्या वाक्यातही 'पण' येत होता.

घरी पाळकीणबाईंनी विचारलं, "आधी एका साध्या रविवारी करून बघायचं की. थेट अधीक्षक यायच्या दिवशीच कशाला?"

"त्यांच्या डोळ्यांना दिसलं पाहिजे ना."

"आणि काका काय म्हणाले?"

"काका बदलाला घाबरतात."

"ते तुमच्या सायकलवर मागे बसून तालुक्याला जाऊन आलेत," पाळकीणबाई म्हणाल्या. "ते कशाला घाबरतील."

सहाव्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, बाक हलवायला सुरुवात झाली. चर्चची देखभाल करणारे घंटाकाका, चिटणीसकाका आणि स्वतः पाळकसाहेब, असे तिघे. बाक अस्सल होते. एकेक उचलताना तिघांच्याही तोंडून जे सूर निघत होते ते कुठल्याही गीतपुस्तकात नाहीत. दुपारपर्यंत अर्धवर्तुळ झालं, पण मध्यभागी पुढे एका बाकाची जागा रिकामी राहिली.

"एक कमी पडतोय," पाळकसाहेब म्हणाले आणि त्यांची नजर मागच्या भिंतीकडे गेली. तिथे एक बाक होता. त्यावर ओळीने सात फुलझाडांच्या कुंड्या मांडल्या होत्या.

"तो नको," दोन्ही काका एकदम म्हणाले.

"का?"

चिटणीसकाका तोंड उघडून थांबले. जे सांगायचं होतं त्याची सुरुवात कशीही केली तरी नववा नियम आडवा येत होता. घंटाकाका तर मुळातच घंटेशिवाय फारसे बोलत नसत. पाळकसाहेबांनी एकेक करून सातही कुंड्या खाली उतरवल्या, बाकावरचे गोल गोल डाग फडक्याने पुसले आणि बाक ओढत आणून बरोबर मध्यभागी ठेवला. मग चार पावलं मागे जाऊन, कमरेवर हात ठेवून त्यांनी अर्धवर्तुळाकडे पाहिलं. बदल डोळ्यांना दिसत होता.

रविवार उजाडला.

अधीक्षकसाहेब पदाने भारदस्त होते आणि देहाने त्याहून. उजवा गुडघा त्यांना दोन वर्षांपासून छळत होता. हातात काठी होती, ती ते गरज म्हणून वापरत पण ऐट म्हणून धरत. दारात टोपलीतून त्यांनीही चिठ्ठी उचलली आणि खूश झाले. "सगळ्यांना एकच न्याय. वा."

मंडळी मात्र चिठ्ठी हातात घेऊन भर बाजारात चुकलेल्या माणसासारखी हिंडत होती. खिडकीजवळच्या बाईंना ऑर्गनच्या मागची जागा आली. घड्याळजी आजोबा पन्नास वर्षं व्यासपीठाच्या बरोबर समोर बसत आले होते, ते थेट व्यासपीठाच्या पाठीमागच्या कोपऱ्यात गेले. नर्सआजींना जाड खांबाच्या मागची खुर्ची मिळाली. त्या म्हणाल्या, "चला, आज वाऱ्यापासून सुटका." आणि मधल्या बाकाच्या दोन चिठ्ठ्या, एक आणि दोन, उचलल्या थोरल्या आणि धाकट्या सुतारांनी.

हे दोघे सख्खे भाऊ. एकाच गल्लीत समोरासमोर दोघांची दुकानं. अकरा वर्षांत एकमेकांशी एक शब्द नाही. चर्चमध्ये थोरला उजव्या टोकाला आणि धाकटा डाव्या टोकाला बसायचा, आणि दोघे बाहेर पडायचे तेही वेगवेगळ्या दारांनी. थोरल्याने चिठ्ठी पाहिली, बाक पाहिला आणि त्याची मान ताठ झाली. धाकट्याने चिठ्ठी पाहिली, भाऊ पाहिला आणि त्याचीही मान तशीच झाली. मान ताठ होण्याची पद्धत घराण्यातलीच होती. कुणीतरी एकाने 'मला दुसरी जागा द्या' म्हटलं असतं तर भागलं असतं. पण जो म्हणेल तो हरला. दोघेही जाऊन बाकापुढे उभे राहिले.

तेवढ्यात घंटा झाली आणि सगळेच उभे राहिले.

त्या मंडळीची रीत अशी होती, की पहिलं गीत, प्रार्थना आणि वचनाचं वाचन उभ्याने व्हायचं. वाचन संपलं की पाळक डोळे मिटून मनातल्या मनात छोटी प्रार्थना करायचे, आणि तेवढ्यात लोक बसून घ्यायचे. 'बसा' असं कुणी कधी म्हणायचं नाही. पाळकसाहेबांच्या आधीच्या पाळकांनीही म्हटलं नव्हतं आणि त्यांच्या आधीच्यांनीही नाही. डोळे उघडले की मंडळी बसलेली असायची. सूर्य उगवतो तसंच ते आपोआप घडतं, असा पाळकसाहेबांचा समज होता.

आपोआप काही नव्हतं. पुढे डावीकडे नर्सआजी बसायच्या. अर्धं गाव त्यांच्या हातांवर जन्माला आलेलं. वाचन संपलं की त्या 'हं' असा एक समाधानाचा हुंकार टाकून बसायच्या. त्या बसल्या की मागची रांग बसायची, ती बसली की तिच्या मागची, आणि वाऱ्याने पीक वाकावं तशी सगळी मंडळी शेवटपर्यंत खाली जायची. आपण आजींकडे बघून बसतो हे एका चिटणीसकाकांशिवाय कुणाच्या ध्यानात नव्हतं. आजींच्याही नव्हतं.

त्या रविवारी वाचन संपलं. खांबाच्या मागे नर्सआजींनी 'हं' केलं आणि त्या बसल्या. त्या कुणालाही दिसल्या नाहीत. खुर्चीला हात होते, वारा लागत नव्हता. पाच मिनिटांत त्यांचा डोळा लागला.

बाकीची मंडळी उभी. नेहमीची पाठ समोर नाही, तेव्हा लोकांनी पुढे मध्यभागी पाहिलं. तिथे दोघे सुतार उभे, खुंट्यासारखे. ज्याअर्थी पुढचे बसत नाहीत त्याअर्थी अजून बसायचं नसेल. अधीक्षकसाहेबांनी मंडळीकडे पाहिलं. पाहुण्याने कसं आधी बसायचं? मंडळीने अधीक्षकसाहेबांकडे पाहिलं. एवढे मोठे साहेब दुखऱ्या गुडघ्याने उभे आहेत, म्हणजे आज काहीतरी विशेष असणार. अर्धवर्तुळ असल्यामुळे प्रत्येकाला प्रत्येकाचं तोंड दिसत होतं, आणि प्रत्येक तोंडावर एकच भाव होता, 'तुम्ही बसलात की मी बसेन.'

पाळकसाहेबांनी डोळे उघडले.

सगळी मंडळी उभी. उपदेश ऐकायला उभी. सहा आठवड्यांत, नव्हे, एका शनिवारात एवढा पालट. त्यांनी विषय घेतला होता चांगल्या मेंढपाळाचा, की मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावानिशी ओळखतो. नेहमी ते कागदावर बघून बोलायचे. त्या दिवशी कागद बाजूला सारला.

एरवी उपदेश वीस मिनिटांचा व्हायचा. त्यालाही कारण होतं. विसावं मिनिट झालं की समोर बसलेले घड्याळजी आजोबा खिशातलं घड्याळ काढून कानाला लावायचे. म्हाताऱ्या माणसाची सवय, असं पाळकसाहेब समजायचे आणि का कोण जाणे, त्याच सुमारास त्यांना उपदेश आटोपता घ्यावासा वाटायचा. आज आजोबा पाठीमागे होते. विसाव्या मिनिटाला त्यांनी घड्याळ काढून कानाला लावलं. पंचविसाव्याला पुन्हा लावलं. तिसाव्याला घड्याळच बंद पडलं की काय म्हणून हलवून पाहिलं. पाळकसाहेबांची पाठ हे बघत नव्हती. पाळकसाहेब तेव्हा नव्याण्णव मेंढरं रानात सोडून हरवलेल्या शंभराव्याच्या शोधात निघाले होते आणि त्यांना परतायची घाई नव्हती.

पस्तिसाव्या मिनिटाला लोक एका पायावरून दुसऱ्यावर यायला लागले. अधीक्षकसाहेबांनी काठीवर दोन्ही हात ठेवले आणि हातांवर हनुवटी. पाळकीणबाई मुलीचा हात धरून उभ्या होत्या. मुलीने हळूच विचारलं, "आई, आपण काही चुकलो का?"

"आपण नाही," पाळकीणबाई म्हणाल्या.

बेचाळिसाव्या मिनिटाला मेंढरू सापडलं. शेवटचं गीत उभ्यानेच म्हणायचं होतं, तेव्हा तो प्रश्नच मिटला.

उपासनेनंतर पाळकसाहेब दारात उभे राहून प्रत्येकाशी हस्तांदोलन करत होते. लोक लंगडत बाहेर येत होते. पाळकसाहेबांना वाटलं, की लोक भारावलेत. मग टवटवीत चेहऱ्याने नर्सआजी आल्या.

"लेकरा, आज सगळे उभेच होते म्हणे."

"हो आजी. वचनाच्या आदराने."

आजी त्यांच्याकडे बघत राहिल्या. तापलेल्या मुलाकडे बघावं तसं.

"माझा बाप मेंढरं राखायचा," त्या म्हणाल्या. "तू आज फार छान बोललास म्हणे, मी थोडी पेंगले. पण एक सांगते. मेंढरू मेंढपाळाकडे नाही बघत. ते पुढच्या मेंढराकडे बघतं. पुढचं उभं, तर सगळी उभी. तू पुढे कुणाला बसवलंस ते बघ आधी."

पाळकसाहेबांनी वळून पाहिलं. चर्च रिकामं झालं होतं. मध्यभागी, मधल्या बाकापुढे, दोघे सुतार अजून उभे होते. आता प्रश्न आधी बसायचं कुणी हा नव्हता. आधी जायचं कुणी, हा होता.

"काका," पाळकसाहेबांनी क्षीण आवाजात चिटणीसकाकांना विचारलं, "त्या सुतारांचं तुम्ही काय सांगत होता?"

"आता सांगू? वहीला चालेल ना?"

"सांगा हो."

काकांनी सांगितलं. नर्सआजींचं, घड्याळाचं, सुतारांचं, सगळं. दोन मिनिटं लागली. दोन मिनिटांचीच गोष्ट होती.

आतल्या खोलीत अधीक्षकसाहेब खुर्चीत बसले होते. गुडघा दुसऱ्या खुर्चीवर. पुढ्यात चहा, आणि चहाशेजारी नेमणुकीचा कागद. पेनाचं टोपण काढलेलं. पाळकीणबाई बिस्किटांची बशी घेऊन उभ्या होत्या आणि त्यांचं सगळं लक्ष त्या टोपणाकडे होतं.

"तीस वर्षं मी मंडळ्या बघतोय," अधीक्षकसाहेब म्हणाले. "बेचाळीस मिनिटं उभी राहिलेली मंडळी पाहिली नाही. माझा गुडघा बोंबलत होता, पण मन म्हणत होतं, ऊठ, म्हणजे, उभाच राहा. मी परिपत्रक काढणार आहे. सगळ्या मंडळ्यांनी उपदेश उभ्याने ऐकावा. आणि पुढच्या शिबिरात तुम्ही शिकवायचं, हे कसं साधलंत ते. तुमची नेमणूक मी आत्ता कायम करतो."

पेन कागदाला टेकलं.

पाळकसाहेबांच्या डोळ्यांपुढे सातचा पाढा उभा राहिला. सात एके सातपासून बारावा पाढा संपेपर्यंत. त्यांनी पाळकीणबाईंकडे पाहिलं. पाळकीणबाईंनी बिस्किटांकडे पाहिलं. निळ्या वहीत यावर नियम नव्हता. शिबिरात हा प्रसंग कुणी घेतलाच नव्हता.

"साहेब," ते म्हणाले, "लोक आदराने उभे नव्हते. कधी बसायचं ते कुणाला कळत नव्हतं. मी ज्यांच्याकडे बघून ते बसतात त्यांना खांबामागे घातलं आणि जे एकमेकांच्या आधी बसणार नाहीत त्यांना पुढे आणलं. मला सांगायला आले होते, मी ऐकलं नाही."

अधीक्षकसाहेबांनी पेन वर उचललं.

"म्हणजे माझा हा गुडघा," त्यांनी सावकाश विचारलं, "दोन सुतारांच्या भांडणासाठी उभा होता?"

"हो साहेब."

टोपण पेनावर बसलं. पाळकीणबाईंनी बशी टेबलावर ठेवली आणि नवऱ्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"कुठे आहेत ते दोघे?"

"अजून आतच उभे आहेत."

"अजून?" अधीक्षकसाहेब काठीला रेटा देत उठले. "चला. मला बघू द्या तरी."

सगळी वरात आत गेली. सुतार तसेच. दोघांच्या मध्ये एक गीतपुस्तक, त्याला दोघांनीही हात लावला नव्हता.

"बसा," अधीक्षकसाहेब म्हणाले.

"साहेब, आधी त्यांना सांगा," थोरला म्हणाला.

"वयाने ते मोठे," धाकटा समोरच्या भिंतीला म्हणाला. "आधी बसायचा मान त्यांचा."

पाळकसाहेब पुढे झाले. सहा आठवड्यांपूर्वी विचारायचा प्रश्न त्यांनी आता विचारला.

"दादा, झालं काय होतं नक्की? पहिल्यापासून सांगा. मला वेळ आहे."

अकरा वर्षांत त्यांना कुणी हे विचारलंच नव्हतं. भांडण विझावं म्हणून लोकांनी विषय टाळला होता. थोरल्याने घसा खाकरला. हे सगळे बाक दोघांनी मिळून वर्षानुवर्षं एकेक करत केलेले. हा शेवटचा, अकरा वर्षांपूर्वीचा. उजवीकडचा सांधा थोरल्याचा, डावीकडचा धाकट्याचा. पहिल्याच रविवारी दोघे यावर बसले आणि भर प्रार्थनेत बाक कुरकुरला.

"सगळ्यांनी वळून पाहिलं. मी एवढंच म्हटलं, की तुझा सांधा सैल राहिलाय."

"एवढंच नाही म्हटलं. 'तरी मी सांगत होतो' असंही म्हटलं," धाकटा भिंतीला म्हणाला. "ते राहिलंच त्यांच्या सांगण्यात."

"त्याने उलट माझाच सांधा सैल म्हटलं. चार लोकांत."

"त्यांनी आधी म्हटलं."

"मग ठरलं, जोवर तो कबूल करत नाही तोवर या बाकावर बसायचं नाही."

"माझंही तेच ठरलं."

ही हकिकत लिहायला चार ओळी लागल्या, पण सांगायला बराच वेळ लागला. प्रत्येक वाक्याला दुसऱ्याची दुरुस्ती होती, आणि सगळ्या दुरुस्त्या भिंतीमार्फत जात होत्या. अधीक्षकसाहेबांच्या गुडघ्याने त्या दिवसापुरती आपली सेवा पूर्ण केली होती. त्यांनी मागे पाहिलं. बाक होता, रिकामा होता, आणि त्यांचं कुणाशी भांडण नव्हतं. ते मधोमध बसले.

जो आवाज झाला तो घंटाकाकांनी बाहेर अंगणात ऐकला.

फळी मधोमध दुभंगली आणि अधीक्षकसाहेब थेट फरशीवर आले. काठी एकीकडे, टोपी दुसरीकडे. पाळकसाहेब आणि चिटणीसकाका त्यांना उचलायला धावले. सुतारही धावले, पण साहेबांकडे नाही. एक उजव्या टोकाला गुडघ्यावर बसला, एक डाव्या.

"साहेब, पाय जरा बाजूला घ्या, दिसत नाहीये," धाकटा म्हणाला.

"मी पडलोय," अधीक्षकसाहेब म्हणाले.

"हो, तेच बघतोय कशामुळे." धाकट्याने सांध्यावर बोट फिरवलं, मग दुसऱ्या टोकाला सरकून थोरल्याच्या सांध्यावर फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग अकरा वर्षांत पहिल्यांदा तो भिंतीला सोडून भावाशी बोलला. "दादा, तुझा सांधा शाबूत आहे."

थोरल्याने डावा सांधा हातात धरून हलवला. हलला नाही. "तुझाही. केस जायचा नाही यातून."

"मग मोडलं काय?"

दोघांनी साहेबांच्या खालून फळीचा तुकडा ओढून काढला. लाकूड काळं पडलं होतं. बोटाने दाबलं तर भिजलेल्या पावासारखं आत जात होतं. वरच्या बाजूला सात गोल डाग होते.

सगळ्यांनी चिटणीसकाकांकडे पाहिलं. ते आढ्याकडे बघत होते.

"म्हटलं, बाक रिकामा दिसला की लोकांना भांडण आठवतं," ते म्हणाले. "कुंड्या ठेवल्या म्हणजे विसरतील."

"आणि पाणी?"

"रोज. फुलं चांगली यायची."

थोरला तुकडा हातात घेऊन बसून राहिला. "नवं लाकूड होतं रे तेव्हा," तो धाकट्याला म्हणाला. "नवं लाकूड कुरकुरणारच."

"मग तेव्हाच सांगायचं ना."

"तू विचारलंस का?"

"मला कुणी आता उठवेल का," अधीक्षकसाहेबांनी विचारलं.

त्यांना उठवलं, चहा दिला, गुडघ्यावर ओलं फडकं ठेवलं. ते जाईपर्यंत नेमणुकीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. कागद घडी करून खिशात घातला आणि गाडीत बसताना पाळकसाहेबांकडे बराच वेळ बघितलं, एवढंच.

"आवराआवर सुरू करू का?" घरी पोचल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं.

"कागद येईपर्यंत नाही," पाळकीणबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही आज जे त्या खोलीत बोललात, ते एवढ्या वर्षभरात तुमचं पहिलं नेतृत्व होतं. आता नुसतं बसून राहू नका."

पाळकसाहेब बसून राहिले नाहीत. सोमवारी सायकल काढून ते घरोघर गेले. निळी वही घरी ठेवली. नवा बदल त्यांना सुचवायचा नव्हता. एकच प्रश्न विचारायचा होता, "तुम्ही तिथेच का बसता?" आणि मग गप्प राहायचं. गप्प राहणं त्यांना फार जड गेलं, पण त्यांनी ते नेटाने केलं. खिडकीजवळच्या बाईंची नजर अधू झाली होती आणि गीतपुस्तक फक्त त्या उजेडात वाचता यायचं. हे त्यांनी सुनेलाही सांगितलेलं नव्हतं. घड्याळजी आजोबांच्या डाव्या हाताला त्यांची बायको बसायची; ती गेली तरी ते अजून तिची जागा सोडून उजवीकडे सरकूनच बसत. शनिवारी बाक जिथले तिथे गेले. दोघा भावांनी मिळून एक नवीन बाक करून आणला, तो खिडकीजवळ ठेवला, आणि त्या बाईंनी स्वतः जाऊन नवीन जोडप्याला बोलावून आणलं. "या, माझ्या शेजारी जागा झालीय," त्या म्हणाल्या. मागच्या वेळचा विषय कुणीच काढला नाही. त्या रविवारी वाचन संपलं, नर्सआजींनी 'हं' केलं आणि मंडळी बसली. पाळकसाहेबांनी त्या वेळी डोळे मिटले नव्हते. ते बघत होते.

बुधवारी टपालाने लखोटा आला. पाळकीणबाई शाळेतून येईपर्यंत पाळकसाहेबांनी तो फोडला नाही. मग स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचायला लागले.

"'सदर पाळकांची नेमणूक याच मंडळीत कायम करण्यात येत आहे.'"

पाळकीणबाई खुर्चीत बसल्या. डोळ्यांना पदर लावला.

"थांब, पुढे आहे," पाळकसाहेब म्हणाले आणि त्यांचा आवाज हळूहळू उतरत गेला. "'अन्य मंडळ्यांतील फर्निचर व वयोवृद्ध सभासदांचे गुडघे यांची सुरक्षितता लक्षात घेता, त्यांची बदली यापुढे कोठेही करण्यात येऊ नये. तसेच त्यांना पुढील कोणत्याही नेतृत्व शिबिरास पाठवू नये.'"

"कायम लिहिलंय ना?" पाळकीणबाई म्हणाल्या. "मग पुढचं कशाला वाचत बसता."